रंग भरणाऱ्या बायका

मावशी,

आज मला तुमचा राग आला. गेलेल्या माणसावर इतक्या वर्षांनी रागवायचं म्हणजे वेडेपणाच, पण आला, आणि तो बोलून दाखवावा असं इथे कुणी नाही. इथे टेक्सासमध्ये, फ्रिस्कोत, आमच्या घराजवळ एक नवं इटालियन रेस्टॉरंट निघालंय. लेकीच्या वाढदिवसाला दुपारी जेवायला तिथे गेलो होतो. वॉशरूमकडे जाणाऱ्या बोळात जुन्या चित्रांच्या फ्रेम लावल्या आहेत, आणि त्यातलं एक चित्र आपलं होतं. हिरव्या कोटातली ती बाई, हातात पिंजरा, पिंजऱ्याचं दार उघडं आणि बाईचं लक्ष भलतीकडेच. खालच्या कोपऱ्यात आपल्या लायब्ररीचा शिक्का, अर्धा बाहेर आणि अर्धा भोवतालच्या पुठ्ठ्याखाली दबलेला. मी तिथेच खिळून उभी राहिले. मागून लेक म्हणाली, "आई, यू आर ब्लॉकिंग द वे." मी बाजूला झाले. टेबलाशी येऊन पास्ता खाल्ला, केक कापला, फोटो काढले आणि घरी येऊन हे लिहायला बसले.

आपली ओळख झाली ते साल दोन हजार एक. नवऱ्याची कंपनी एका शुक्रवारी बंद पडली होती. त्याची नोकरी गेली की त्याचा व्हिसा जाणार, त्याचा गेला की माझाही, असा सगळा मामला. मी सांता क्लाराच्या पब्लिक लायब्ररीच्या पार्किंगमध्ये गाडीला टेकून पुण्याला आईशी बोलत होते, म्हणजे बोलणं कमी आणि रडणंच जास्त. तुम्ही पुस्तकांची पिशवी घेऊन शेजारून गेलात, चार पावलं पुढे जाऊन परत आलात आणि म्हणालात, "एवढ्या मोठ्याने रडायला फोनकार्ड कशाला खर्च करून राहिलीस? तसंच ऐकू जाईल की पुण्याला." मला हसूच आलं. पिकलेले आखूड केस, खादीचा कुर्ता आणि पायात पुरुषी बूट. मला वाटलं, कुणाची तरी सासू असेल.

तुम्ही कुणाचीच सासू नव्हतात. नागपुराहून फ्रेंच शिकायला म्हणून तरुणपणी इथे आलात ते इथल्याच झालात, आणि डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका लहानशा म्युझियमच्या लायब्ररीत तुमची सगळी नोकरी झाली. नवऱ्याला पुढे काही आठवड्यांनी दुसरी नोकरी लागली, पण मला काम करायची परवानगी नव्हतीच. तुम्ही म्हणालात, पगार घ्यायला बंदी आहे, पानं उलटायला नाही. तेव्हापासून दर मंगळवारी मी तुमच्याकडे व्हॉलंटिअर म्हणून यायला लागले. पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्या हातातल्या काचेच्या बांगड्या काढायला लावल्यात, कारण कागदावर ओरखडे उठतात. मी फोनवर आईला सहज सांगितलं तर ती हादरलीच. कोण आहे ही बाई, तिचं आडनाव काय, म्हणाली. मी आडनाव सांगितलं, त्यावर पलीकडे जी शांतता पसरली ती मला अजून ऐकू येते. महाराष्ट्र मंडळातल्या काकूंनीही तेच विचारलं होतं आणि त्याही तशाच गप्प झाल्या होत्या. मला तेव्हा आईची लाज वाटली, पण तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगायची गरजही नव्हती म्हणा.

त्या लायब्ररीत तुमचा जीव होता तो एकाच कपाटात. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पॅरिसमध्ये निघणारी फॅशनची सचित्र मासिकं, एका श्रीमंत बाईने वर्गणी भरून मागवलेली आणि वर्षावर्षाचे खंड बांधून जपलेली. तिच्यामागे ती म्युझियमला मिळाली. पहिला खंड तुम्ही माझ्यापुढे उघडलात ते मला स्वच्छ आठवतंय. जाड कागद, त्यावर एक बाई शिडीवर उभी राहून झाडावरची संत्री काढतेय, आणि तो केशरी रंग असा की आत्ता लावलाय, बोट लावलं तर बोटाला लागेल. मी म्हणाले, किती सुंदर. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघता आहात. "सुंदर म्हणून थांबलीस ना, की संपलं," तुम्ही म्हणता. "मागची पानं उलट."

मागची पानं म्हणजे जाहिराती. पातळ, पिवळट कागदावरची बारीक छपाई. तुम्ही बोट फिरवत एकेक ओळ मराठीत सांगायला लागलात आणि मी गारच पडले. सुतकाचे कपडे तयार मिळतील. तुमचे आहेत ते कपडे एका दिवसात काळे रंगवून देऊ. काळी झिरझिरीत बुरख्याची टोपी, काळे हातमोजे. वर्ष उलटल्यावर घालायला करडे आणि जांभळे. पहिलं महायुद्ध संपून फार दिवस झालेले नाहीत, घराघरातला पुरुष गेलाय, आणि पुढच्या पानावर बाई संत्री तोडतेय. तुम्ही म्हणायचात की ही दोन पानं एकाच बाईच्या मांडीवर एकाच वेळी उघडी होती, म्हणून ती एकत्रच वाचली पाहिजेत. त्याच्याही मागे छोट्या जाहिराती असायच्या, काम शोधणाऱ्यांच्या. विधवा आहे, लेस विणते. विधवा आहे, पियानो शिकवेन. खाली नाव आणि पत्ता.

तुम्हाला हव्या होत्या त्या या छोट्या जाहिराती. कारण ती सुंदर चित्रं छापलेली नव्हती, निदान रंग तरी छापलेले नव्हते. चित्रकार एक चित्र काढून द्यायचा. मग प्रत्येक रंगासाठी पातळ पत्र्यात वेगळा आकार कापायचा, तो कागदावर ठेवायचा आणि आखूड ब्रशने त्यातून रंग टेकवायचा. कोटाचा हिरवा वेगळा, पानांचा हिरवा वेगळा. एका चित्राला असे कितीतरी पत्रे लागायचे, आणि प्रत्येक अंकातलं प्रत्येक चित्र असंच हाताने रंगवायचं. हे काम लांब टेबलांशी बसून बायका करायच्या. पुढे फोटो छापणं स्वस्त झालं आणि त्या टेबलावरून उठल्या. चित्रकाराची सही चित्राच्या कोपऱ्यात आहे, शिंप्याचं नाव खाली आहे, छापखान्याचं नाव मागे आहे. या बायकांचं नाव कुठेच नाही. तुमचं म्हणणं असं की टेबलावरून उठलेल्या बाईला दुसरं काम शोधावं लागलंच असेल, आणि त्यातल्या एखादीने तरी, मी रंग भरण्याचं काम करत होते, अशी जाहिरात दिली असेल. एक नाव. फक्त एक नाव मिळालं तरी पुस्तक लिहायला घेईन, असं तुम्ही म्हणायचात.

मी एकदा विचारलं होतं की तुम्हाला त्या बायकांचं एवढं काय पडलंय. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या जेवणाचा दिवस होता, तुमचं स्वयंपाकघर माणसांनी आणि मसाल्याच्या डब्यांनी भरलेलं. नागपूरची पोरं हॉलमध्ये जोरजोरात बोलत होती, कुणीतरी म्हणत होतं, यार, स्पीकर कनेक्ट कर ना. तुम्ही पाटवडीचा रस्सा ढवळत मला म्हणालात की तुमची आई गिरणीत होती. तिने विणलेलं कापड देशभर गेलं, परदेशातही गेलं, आणि प्रत्येक ताग्यावर गिरणीचा शिक्का असायचा. "तिची सही कुठे होती सांग," तुम्ही म्हणालात आणि माझ्या हातात ताटं दिलीत. त्यानंतर मी पुन्हा तसं विचारलं नाही.

बाकीच्या लायब्ऱ्यांत जाऊन शोधायची सोय नव्हती. तिथे हीच मासिकं होती, पण खंड बांधताना जाहिरातींची पानं काढून टाकलेली. तेव्हा सगळेच तसं करायचे. कपाटात जागा कमी लागते आणि खंड नीटस दिसतो. आपल्या त्या श्रीमंत बाईने मात्र एक पानही फाडू दिलं नव्हतं. म्हणजे जे काही सापडायचं होतं ते त्या एका कपाटातच सापडणार होतं. तुम्ही वाचायचात, मी टाइप करायचे. मधूनमधून तुम्ही मला फ्रेंच शिकवायचात, तेही जाहिरातींतलंच, त्यामुळे मला आजही फ्रेंचमध्ये दुकानात धड कॉफी मागता येत नाही, पण कुणाचं सुतक कुठल्या रंगात कधी पाळावं हे व्यवस्थित सांगता येतं.

मग शेअर बाजार कोसळल्याचा फटका म्युझियमलाही बसला. नवा डायरेक्टर आला, माझ्याच वयाचा, हसतमुख. त्याने सगळ्यांना सांगितलं की जे कुणी वापरत नाही ते ठेवणं आता परवडणार नाही. वापरणाऱ्या आपण दोघी, त्यातली एक फुकट काम करणारी. तुमची झोप उडाली. तुम्ही त्याला म्हणालात की मी प्रदर्शन भरवते, किती माणसं येतात ते बघा आणि मग ठरवा. तो लगेच तयार झाला, पण म्हणाला की काचेच्या पेटीत उघडे ठेवलेले खंड बघायला कोण येणार, चित्रं भिंतीवर लागली पाहिजेत. आणि तुम्ही हो म्हणालात. तुम्ही, मावशी. पान थोडं जास्त उघडलं तरी माझ्यावर डोळे वटारणाऱ्या तुम्ही. बाइंडर आला, त्याने पाठीची शिवण उसवली, चित्रं सुटी केली. प्रदर्शन संपलं की पुन्हा शिवून घेऊ, तुम्ही मला सांगत होतात, आणि सांगताना तुमची नजर त्याच्या हातावरून हलत नव्हती. मी पोटुशी होते तेव्हा. शिवण सुटताना होणारा आवाज मला ऐकवेना, तेव्हा तुम्ही मला बाहेर बाकावर नेऊन बसवलंत.

माणसं आली. तुफान आली. क्युपर्टिनोहून मंडळाच्या काकू पैठण्या नेसून आल्या, चित्रांपुढे उभं राहून फोटो काढले, आणि ज्यांना तुमचं आडनाव टोचलं होतं त्यांनीच तुमच्या खांद्यावर हात ठेवून आपली मराठी बाई म्हणून मिरवून घेतलं. तुम्ही खूश होतात. मी तुम्हाला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. एक उंच गृहस्थ प्रत्येक चित्रापुढे बराच वेळ थांबत होता, तुम्ही त्याला अर्धा तास माहिती दिलीत, रंगाचे पत्रे कसे कापत ते हाताने करून दाखवलंत. तो जुन्या चित्रांचा व्यापारी होता. भिंतीवर चित्र कसं दिसतं हे तुम्हीच त्याला दाखवलंत, आणि खंडातून ते सुबक काढता येतं हेही. पुढच्या मीटिंगमध्ये सगळी चित्रं विकत घेण्याचा त्याचा प्रस्ताव ट्रस्टींपुढे होता. तुम्ही घरी आलात, माझ्या सोफ्यावर बसलात आणि म्हणालात, मीच वाट दाखवली गं. मी समजूत काढायला काहीतरी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, उपयोगाचं नसणार.

ट्रस्टींनी ते मान्य केलं, आणि त्या व्यापाऱ्याने बाकीच्या खंडांतली चित्रंही तिथेच, आपण दोघी बसायचो त्या टेबलावर कापून घेतली. उरलेलं नेण्याचा खर्च त्याला नको होता. तुम्ही मागची पानं ठेवून घ्यावीत म्हणून रीतसर विनंती केली होती, त्यावर जागा नाही असं उत्तर आलं. स्कॅन केली होती ती फक्त चित्रं. आपल्याकडे टाइप केलेलं होतं ते निम्मंही नव्हतं. त्या सकाळी इमारतीच्या मागे रद्दीचे निळे डबे भरून उभे होते आणि वर आपली पानं. मी गाडी मागे घेतली, डिकी उघडली, लेक मागच्या सीटवर झोपली होती. आता ज्यावरून मला राग येतो ते हे, मावशी. मी दोन्ही हातांत गठ्ठा धरलेला आणि तुम्ही म्हणालात, "ठेव ते."

मी म्हणाले की त्यांच्या लेखी हा कचराच आहे. तुम्ही म्हणालात की इथे काम करणाऱ्याने इथून काढून टाकलेलं काही घ्यायचं नाही असा नियम आहे. मी म्हणाले, मी कुठे काम करते इथे, मला कोण पगार देतं. तेव्हा तुम्ही माझ्या जवळ आलात. "तू माझ्यासोबत आलीस. बोट माझ्याकडेच जाईल. यांनी नाही दाखवलं तर आपल्यातलंच कुणी दाखवेल. नोकरीला लागल्या वर्षी एक पुस्तक हरवलं तर सगळ्यांत आधी माझी पिशवी तपासली होती. त्यानंतर मी कुणाला तेवढी संधी दिली नाही, आता शेवटी शेवटी देऊ?" मी गठ्ठा ठेवला. ट्रक आला, डबे उचलून पालथे केले, खाली ठेवले. तुम्ही तो जाईपर्यंत उभ्या होतात. मग आत जाऊन तुम्ही संध्याकाळपर्यंतचं काम केलंत.

मला तुमचं म्हणणं कळतं. माझी पिशवी आजवर कुणी तपासलेली नाही, त्यामुळे मला ते किती कळतं हा प्रश्नच आहे. तरीही आज त्या बोळात मला वाटलं की हे चित्र इथे पास्त्याच्या वासात टांगलेलं, आणि त्याची मागची पानं केव्हाच लगदा होऊन कुणाच्या तरी पिझ्झ्याच्या खोक्यात गेलेली, आणि तुमचा नियम मात्र शाबूत. एवढं नाकासमोर चालून काय मिळालं, मावशी? ज्यांच्यासाठी चाललात त्यांच्या लक्षातही आलं नाही.

त्यानंतर तुम्ही फार टिकला नाहीत. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टरांनी हात टेकलेलेच होते. घरी बेड आणला, नर्स येऊन जायची, मी दुपारी लेकीला घेऊन यायचे. ती तुमच्या पलंगाखाली गाड्या फिरवायची आणि तुम्ही डोळे मिटून म्हणायचात, मागची पानं सांग. कागद तर नव्हते. टाइप केलेलंही म्युझियमच्या कॉम्प्युटरवरच राहिलं, तुम्ही घरी काही आणलंच नव्हतं. मी आठवून आठवून सांगायचे. काळे रंगवून देऊ. लेस विणते. केस काळे करण्याचं तेल, समुद्रकाठचं हॉटेल, विधवांना सवलत. मी चुकले की तुम्ही डोळे न उघडता दुरुस्त करायचात. दिवसेंदिवस तुमचं दुरुस्त करणं कमी होत गेलं आणि माझ्याकडचं आठवणंही. एक दिवस माझ्याकडचं संपलं. तुम्ही वाट बघत होतात. ओठ कोरडे पडलेले, मी कापसाने पाणी लावलं, आणि सांगायला लागले. विधवा आहे, पत्र्यावरून रंग भरण्याचं काम अनेक वर्षं केलं आहे, हात स्थिर आहे, घरी बसूनही करून देईन. खाली नाव.

तुम्ही डोळे उघडलेत. कुठल्या अंकात, विचारलंत. मी म्हणाले, शेवटच्या खंडात, तुम्ही त्या दिवशी मीटिंगला गेला होतात तेव्हा टाइप केली. तुम्ही नाव पुन्हा सांगायला सांगितलंत. मी सांगितलं. तुम्ही ते हळू, नीट फ्रेंच उच्चारात म्हणालात, मग पुन्हा एकदा म्हणालात. "कोणाला सांगू नको अजून," तुम्ही म्हणालात, "पडताळून पाहू, मग लिहू." आणि माझा हात धरून ठेवलात. पडताळायला जगात काही उरलं नव्हतं हे तुम्हाला त्या वेळी आठवत होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

हे पत्र लिहून झालं की मी ते फाडणार आहे. लेकीला मराठी वाचता येत नाही आणि नवऱ्याला उगाच वाईट वाटेल. पण तुम्ही खोटं खपवून घेणाऱ्यातल्या नव्हतात, म्हणून एवढं लिहिते. ती जाहिरात कुठल्याच अंकात नव्हती, मावशी. ते नाव मी तिथे बसल्या बसल्या बनवलं होतं. आणि आज परतताना गाडीत मी ते आठवायचा खूप प्रयत्न केला, तर आता मला तेही आठवत नाही.